दक्षिणेची गॅलरी, आठवड्याला एकदा नळ: भिंतीवर भाजी जमते का?

लातूरची_मेथी

नमस्कार मंडळी. लातूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आम्ही, दुसरा मजला, वर अजून एक मजला आहे म्हणजे गॅलरीच्या डोक्यावर स्लॅब आहे. गॅलरी दहा फूट लांब आणि जेमतेम तीन फूट रुंद, त्यातच कपडे वाळत घालायची दोरी, खाली कुंड्या मांडल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही म्हणून भिंतीवर उभी बाग करायचं ठरवलं. ते जाड कापडाचे खिसे असलेले पाउच मिळतात ना ऑनलाईन, ते मागवले, एकाखाली एक चार ओळी आहेत, खिळे मारून भिंतीला टांगलेत. मेथी, कोथिंबीर, पालक आणि पुदिना लावलाय.

आता मार्च संपत आलाय आणि वरच्या दोन ओळी सकाळी पाणी घातलं तरी दुपारपर्यंत कोरड्याठाक, रोपं माना टाकून पडायलीत. सगळ्यात खालच्या ओळीत मात्र चिखल, तिथं पुदिना काळा पडायलाय. मेथीची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. कापडाला बाहेरून पांढरी भुकटी जमायलीय. घरमालक परवा येऊन गेले, भिंतीला ओल धरेल म्हणून काळजीत आहेत, त्यांचंही बरोबरच आहे.

पाण्याचं असं आहे की नळाला आठवड्यातून एकदा येतं ते प्यायला-स्वैपाकाला, बाकी सगळं बोअरचं, जड पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, आमच्या सासूबाईंनी ते दिवस घागर घागर मोजून काढलेत, त्यामुळं झाडाला तांब्याभर पाणी जास्त घातलेलं त्यांच्या जिवाला लागतं आणि मला ते पटतं. म्हणजे जे करायचं ते कमी पाण्यात.

तर हे पाउच ठेवू का काढू, काढले तर त्याजागी काय, मे महिन्यात या गॅलरीत काही जगेल का, दोडक्याचा वेल आणि दोन टोमॅटो लावायची फार इच्छा आहे ते होईल का, आणि पाणी किती लागेल? गॅलरीचं तोंड दक्षिणेला आहे. अनुभव असलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

---

नांदेडची_काकू

ताई, आधी ते खिसे खाली उतरवा. मी हे मनापासून सांगायलेय, आपल्या मराठवाड्याच्या हवेत कापडी खिसा चालत नाही, आणि तुमच्या हाताचा काही दोष नाही त्यात. एका खिशात माती किती बसते बघा, दोन-तीन लिटर. त्याला समोरून हवा लागते, वरून ऊन, मागून तापलेली भिंत. कापड पाणी धरत नाही, सगळीकडून उडवून टाकतं. मग तुम्ही परत वरून ओतता, ते वरच्या खिशातून झिरपत खाली जाताना क्षार सोबत घेऊन जातं आणि खालच्या ओळीत जाऊन बसतं. ती पांढरी भुकटी म्हणजे तुमच्या बोअरचा क्षार, पाणी उडून गेलं आणि तो मागं राहिला. ज्या शहरांत हवा दमट आहे, पाणी गोडं आहे आणि पंपानं दिवसभर थेंब थेंब सोडता येतं तिथल्या भिंती बघून हे खिसे आपल्याकडं आलेत.

आपल्याकडं उलटं करायचं. मूळ खाली मोठ्या डब्यात आणि हिरवं वर. आपल्या आज्या काय करायच्या, परसात एक आळं, त्याला चार तुराट्या, वर दोरी, आणि दोडका माळवदावर चढायचा. आळं एकच, पाणी एकाच जागी, आणि माळवं सगळ्या घराला. तुमच्या गॅलरीत आळ्याच्या जागी वीस लिटरची बादली ठेवा. खाद्यतेलाचा पंधरा लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन वरून कापून घेतला तरी चालतो. पत्र्याचा डबा नको, तो तापतो आणि मुळ्या भाजतात. ऑइलपेंटची बादली पण नको, खायचं लावायलोत आपण.

भोक तळाला पाडू नका, बाजूला पाडा, तळापासून एक इंच वर, दोन समोरासमोर. तळाला दोन बोटं खडी टाका. त्यामुळं इंचभर पाणी खाली साठून राहतं, मुळ्या खाली जाऊन ते पितात, आणि जास्तीचं बाजूनं निघून जातं म्हणजे सडत पण नाही. उन्हाळ्यात या एका इंचावर झाड संध्याकाळपर्यंत तग धरतं.

मातीचं नीट ऐका. शेतातली काळी माती नुसती भरू नका, कितीही कसदार असली तरी. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून डब्याच्या कडेपासून सुटते, आणि मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं, मधला गड्डा कोरडाच. तुम्हाला वाटतं पाणी दिलं. मी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घेते, बादलीमागं मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की साधारण सत्तर लिटर होते, एका विटेत तुमची सगळी गॅलरी भागते. वर दोन-तीन बोटं सोयाबीनचा भुसा पसरा. लातूरला सोयाबीनच्या भुश्याला तोटा नाही, आणि उघडी माती आणि झाकलेली माती यात पाण्याचा फरक हातानं कळतो, संध्याकाळी भुसा बाजूला करून बोट घालून बघा.

दोडका होईल. एका बादलीत एकच वेल ठेवा, दोन नको, दोघं उपाशी राहतात. सुतळी बादलीच्या कडेपासून वरच्या हुकापर्यंत ताणून बांधा. आणि दोडक्याचं फूल दुपार कलल्यावर उमलतं, संध्याकाळी. दुसऱ्या मजल्यावर त्या वेळी माशी-पाखरू येईलच असं नाही. म्हणून दिवेलागणीच्या सुमाराला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं मोडायच्या, आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तोंडाला हलक्या हातानं टेकवायचा. मादी फुलामागं बोटाएवढा छोटा दोडका आधीच दिसतो, ओळखायला सोपं आहे. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात घोसाघोसानं, घाबरू नका, मादी मागून येतात.

---

अंबाजोगाई_भूगोल

काकूंनी मातीचं सगळं सांगितलं. मी उन्हाबद्दल लिहितो कारण दक्षिणेची गॅलरी म्हटलं की सगळे म्हणतात मे महिन्यात जळून जाईल, आणि आपल्या अक्षांशावर ते खरं नाही.

लातूर साधारण १८.४ अंश उत्तरेला आहे. सूर्य २१ मार्चला विषुववृत्तावर असतो आणि रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत मे महिन्याच्या मध्याला बरोबर आपल्या डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच राहते. तिथून तो आपल्याही उत्तरेला जातो, २१ जूनला कर्कवृत्तावर पोचतो आणि जुलैच्या शेवटी परत डोक्यावरून दक्षिणेकडं निघतो. म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तुमच्या दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही, सकाळी पण नाही आणि संध्याकाळी पण नाही. आणि तुमच्या डोक्यावर तर स्लॅब आहे, त्यामुळं आत्ता एप्रिलपासूनच ऊन कठड्यापर्यंत मागं सरकलेलं दिसेल तुम्हाला. उजेड भरपूर असेल, गरम वारा असेल, पण डायरेक्ट ऊन नाही.

आता याचा उपयोग असा. एप्रिल ते जुलै या गॅलरीत टोमॅटोचा हट्ट धरू नका, फळभाजीला सहा तास तरी ऊन लागतं. पुदिना, पानओवा, गवती चहा आणि मायाळू यांना मात्र हीच जागा बरी, पश्चिमेच्या गॅलरीवाल्यांचा पुदिना मेमध्ये करपतो तेव्हा तुमचा तरेल. आणि खरा हंगाम तुमचा सप्टेंबरपासून पुढं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशावर असतो, ऊन तिरपं थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि दिवसभर राहतं. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांना तेव्हा काहीच मिळत नाही. टोमॅटोची रोपं गणपतीच्या सुमाराला लावा, थंडीत भरपूर येतील. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सणाच्या, भज्जीला घरची मेथी आणि कांद्याची पात निघेल ही माझी खात्री.

दोडक्याचं सांगायचं तर बादली आत ठेवली तरी चालेल, पण शेंडा कठड्याबाहेर उजेडात जायला पाहिजे. वेलाला पाय सावलीत आणि डोकं उन्हात असं आवडतं. मृगाचा पाऊस पडला की बी टाका. जून-जुलैत सूर्य उत्तरेला असला तरी ढगाळ हवेत सगळीकडून उजेड येतो, वेल वाढतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं धरायच्या वेळेला ऊन परत तुमच्या बाजूला आलेलं असतं.

---

परभणीवाला

मी पोत्यातली पालक सांगतो, कमी जागेत आणि कमी पाण्यात एवढं उत्पन्न मी दुसऱ्या कशातच बघितलं नाही. नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत लोक अशीच पोत्यात पालेभाजी काढतात, तिथं पण जागा नाही आणि पाणी विकत.

धान्याचं नाहीतर साखरेचं रिकामं पोतं घ्या, युरियाचं असेल तर आधी चांगलं धुऊन. निम्म्यापर्यंत कड गुंडाळून खाली करा. तळाला चार बोटं खडी. मग चार इंची पाईपचा फूट-दीड फूट तुकडा मधोमध उभा धरायचा, पाईपच्या आत खडी भरायची आणि पाईपच्या भोवती माती. माती पाईपच्या वरच्या टोकाजवळ आली की पाईप अलगद वर ओढायचा, खडी खाली जागच्या जागी राहते, परत आत खडी आणि बाहेर माती, असं करत वरपर्यंत यायचं आणि शेवटी पाईप काढून घ्यायचा. आता पोत्याच्या मधोमध खडीचा एक खांब तयार झाला. पाणी मातीवर नाही घालायचं, त्या खडीत घालायचं. ते खडीतून तळापर्यंत उतरतं आणि आतून बाहेर सगळ्या मातीला सारखं मिळतं, वरचा कोरडा आणि खालचा चिखल हा ताईंचा जो प्रॉब्लेम आहे तो इथं येत नाही.

मग पोत्याच्या अंगाला दीड-दोन इंचाच्या चिरा, वीत-वीतभर अंतरावर, एकाखाली एक नाही, तिरप्या रांगेत. त्यात पालकाची, चुक्याची, चाकवताची बोटभर रोपं खोचायची, पुदिन्याच्या काड्या पण. तुमच्या गॅलरीत उजेड एकाच बाजूनं येतो म्हणून भिंतीकडच्या बाजूला चिरा मारूच नका. मेथी आणि कोथिंबिरीला उपटून लावलेलं सोसत नाही, त्यांचं बी सरळ वरच्या तोंडाला टाका. पालक तोडताना बाहेरची पानं घ्या, मधला कोंब ठेवा, परत फुटतो.

पोतं पांढरं प्लॅस्टिकचं असेल तर उन्हानं वर्षभरात भुगा व्हायला लागतो, हात लावला की फाटतो. बाहेरून गोणपाट गुंडाळा, पोतं पण टिकतं आणि मातीही तापत नाही.

बियाण्याचं म्हणाल तर पाकिटातलं हायब्रीडच पाहिजे असं नाही. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी आहे, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात त्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून काढलेली, वीस लिटरच्या बादलीत दोन झाडं मजेत येतात. १८ मेला विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो, १९७२ साली स्थापन झालं ते, त्या वेळी खरीप मेळावा भरतो, जमलं तर चक्कर मारा, तिथं माणसांना विचारून बियाणं घेण्यात जो फायदा आहे तो ऑनलाईन नाही.

---

धाराशिव_गच्ची

काकू, तुमच्याशी एका बाबतीत मी सहमत नाही. उभं टांगलेलं सगळंच वाईट असं नाही. कापडी खिसे वाईट, पण आडवे पाईप चांगले चालतात, फक्त हंगाम आणि पीक बघून. चार इंची पीव्हीसी पाईप लांबीत वरून कापून त्याची पन्हळ करायची, तळाला हातभर अंतरावर बारीक भोकं, कठड्याला आतून दोन किंवा तीन टांगायच्या. एक मीटर अख्ख्या पाईपमध्ये आठ लिटरच्या आसपास माल बसतो, कापल्यावर अजून कमी, त्यामुळं यात टोमॅटो-वांगं नाही. पण मेथीला चार बोटं माती पुरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी एक पन्हळ पेरत गेलं तर मेथी महिन्याच्या आत काढायला येते, पहिली संपते तोवर दुसरी तयार. हरभरा पण पेरा दाट, त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी, लसणाची फोडणी घालून. करडईची कोवळी भाजी पण अशीच येते, बाजारात मिळेना झालीय ती, म्हणून मी मुद्दाम पेरतो.

कोथिंबिरीचं मात्र ताई आता सोडून द्या. उन्हाळ्यात एक तर उगवत नाही, उगवली तर लगेच तुरा काढते. सप्टेंबर संपताना धणे चपलेखाली हलकेच रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा, आठ-दहा दिवसांत वर येतात. आत्ता उन्हाळ्यात हिरवं पाहिजे असेल तर तांदुळजा, अंबाडी आणि घोळ, ही आपल्या मातीतली आहेत, त्यांना उन्हाचं भय नाही. पण अंबाजोगाईचे मास्तर म्हणतात तसं ऊन नसेल तर कठड्याच्या बाहेरच्या अंगालाच लावा, आत वाळ्यासारखी लांब लांब वाढतील नुसती.

मार्चनंतर पन्हळी मी रिकाम्या करतो आणि माती ड्रममध्ये शेणखत घालून ठेवतो. तापलेल्या पाईपला पाणी पाजत बसण्यात अर्थ नाही.

---

नांदेडची_काकू

दादा, हिवाळ्यापुरतं मान्य. मेथी पन्हळीतच बरी, बादली अडकून पडत नाही. करडईच्या भाजीचं आठवण करून दिलीत, या वर्षी मी पण पेरते.

---

लातूरची_मेथी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसून पण सांगत नाही. मास्तर, तुमचं वाचून गॅलरीत जाऊन बघितलं, ऊन खरंच कठड्यापासून हातभरच आत येतंय आता. पाउच आजच काढायलेय.

दोन शंका आहेत. एक म्हणजे वजन. बिल्डिंग जुनी आहे, गॅलरी बाहेर काढलेली आहे, खाली खांब नाही. पोतं, बादल्या, ओली माती हे सगळं किती झेपेल? आणि वेल चढवायला भिंतीला हात न लावता काय करता येईल, कारण घरमालकांना मी शब्द देणार आहे की भिंतीला आता एक खिळा पण मारणार नाही. दुसरं म्हणजे पाण्याचा हिशोब, सासूबाईंना सांगता येईल असा.

---

वाळूज_फॅब्रिकेशन

ताई, वजनाचं विचारलंत ते फार चांगलं केलंत, बहुतेक लोक विचारतच नाहीत.

भारतीय मानकात घरगुती गॅलरी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन म्हणजे साधारण ३०० किलो भार धरून डिझाईन करतात. तुमची गॅलरी पावणेतीन-तीन चौरस मीटर भरेल. पण हा आकडा नव्या, नीट बांधलेल्या स्लॅबचा आहे आणि त्यात माणसं पण आली. जुन्या बिल्डिंगमध्ये आधी खाली जाऊन तुमच्या गॅलरीचा तळ बघा. प्लास्टर फुगलंय का, गंजाचे तपकिरी डाग आहेत का, सळई उघडी पडलीय का. यातलं एक जरी दिसलं तरी तिथं माती ठेवायचीच नाही, आधी घरमालकांना दाखवायचं. तळ स्वच्छ असेल तर काकूंनी सांगितलेलं मिश्रण भरलेली वीस लिटरची बादली पाणी दिल्यावर वीस-पंचवीस किलोची धरा, पाच बादल्या म्हणजे सव्वाशे किलो. परभणीच्या दादांचं अर्धं पोतं खडीसकट साठ-सत्तर किलोला जाईल, एकच ठेवा, आणि तेही घराच्या भिंतीला लागून, कोपऱ्यात. खांब नसलेल्या गॅलरीत वजन जितकं बाहेरच्या कडेला तितका स्लॅबच्या मुळाशी ताण जास्त. म्हणून जड ते आत, हलक्या पन्हळी कठड्याला. पण पन्हळ कठड्याच्या बाहेर टांगताना तारेनं डबल बांधा, वादळी वाऱ्यात खाली कुणाच्या डोक्यात पडायला नको.

पोतं आत भिंतीशी ठेवलं तर त्याला उजेड कमी मिळेल, पण पालक-चुका-पुदिना तेवढ्यावर निघतात.

वेलासाठी स्वतःच्या पायावर उभी राहणारी शिडीसारखी फ्रेम करून घ्या. एक इंची चौकोनी पाईप, उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, खाली पुढं-मागं पाय, त्या पायांवरच बादल्या ठेवायच्या म्हणजे बादलीच्या वजनानं फ्रेम हलत नाही. कोपऱ्यावरच्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याला चित्र काढून दाखवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. रेडऑक्साइडचा एक हात आणि वर रंग. भिंतीपासून चार बोटं लांब उभी करा, मधून हवा खेळली की ओल धरत नाही आणि भिंतीची झळ पण पानाला लागत नाही. बादल्यांखाली ताटल्या ठेवा, नाहीतर फरशीवर मातीचे ओघळ येतात आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पाणी टपकतं, भांडण तिथून सुरू होतं.

गावाला जायचं असेल तर दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीसारखी चकती लावलेली बारीक नळी मेडिकलमध्ये नवी मिळते, पाण्याचा कॅन फ्रेमच्या वरच्या दांडीला बांधून चकतीनं थेंब कमी-जास्त करा. बोअरच्या पाण्यानं नळीचं तोंड क्षारानं बुजतं, महिन्याला व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवा.

---

बीडची_वहिनी

पाण्याचा हिशोब मी देते, आमच्याकडं पण टँकर बघतच दिवस गेलेत.

भुसा घातलेली वीस लिटरची बादली, त्यात मोठं झालेलं झाड, सावलीच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी पिते. थंडीत निम्मं. पाच बादल्या आणि एक पोतं धरलं तरी उन्हाळ्यात आठ-दहा लिटर, म्हणजे अर्धी-पाऊण बादली. आता सासूबाईंना घेऊन स्वैपाकघरात बसा आणि चार माणसांच्या घरात डाळ, तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी एका टोपात जमवून बघा. एका वेळच्या स्वैपाकाचं तीन-चार लिटर सहज निघतं, दोन वेळचं आणि पिण्याच्या माठातलं शिळं पाणी मिळून बाग भागते. वेगळं पाणी काढायची वेळच क्वचित येते. आमच्या सासूबाई आता स्वतः तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन गॅलरीत जातात, मला हात लावू देत नाहीत.

हे पाणी मिठाचं नको, म्हणजे भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली असेल तर ते टाकून द्या. भांड्यांच्या साबणाचं नको. फिल्टरमधून बाजूला निघणारं पाणी पण नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात, ते फरशी पुसायला ठेवा. कूलरच्या टाकीत उरलेलं त्याहून वाईट. कुणाकडं एसी असेल तर त्याच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र झाडाला चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतात.

मेथी पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. मातीत लोह असतं, पण जड पाण्यानं माती खारट-चुनखडी झाली की मुळ्यांना ते उचलता येत नाही. कृषी केंद्रात चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल असं लोह, मिळतं, एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानावर फवारा, नवी पानं हिरवी येतात, जुनी पिवळी राहतील ती खुडून टाका. आणि पाऊस सुरू झाला की सगळ्या बादल्या एका पावसात बाहेर कठड्याजवळ ठेवून चांगल्या भिजू द्या, भोकातून पाणी वाहीपर्यंत, वर्षभराचा क्षार त्यात धुऊन जातो. पागोळीखाली एक ड्रम पण लावून ठेवा, पावसाचं पाणी पेरणीच्या वेळी दिलं तर उगवण वेगळीच दिसते.

---

लातूरची_मेथी

वहिनी, आजच टोप ठेवला सिंकशेजारी. सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की दोडक्याचं बी गावाकडून आणू का, त्यांच्या माहेरी, लोहारा गावाकडं, घरचं बी धरलेलं आहे. आणा म्हटलं. खालचा तळ बघून आले, प्लास्टर चांगलं आहे, डाग नाहीत.

आता काळा पडलेला पुदिना पूर्ण टाकून देऊ का त्यातलं काही वाचेल? आणि पानांमागं कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय ते काय आहे?

---

नांदेडची_काकू

ते कापसासारखं म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा आणि एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण, नीट ढवळून पानाच्या मागच्या बाजूला फवारा, ऊन उतरल्यावर. आठवड्यानं परत एकदा. मुंग्या ये-जा करत असतील तर त्यांचा रस्ता तोडा, त्याच त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. फवारलं की चार-पाच दिवस ती भाजी तोडू नका आणि खाताना धुऊन घ्या.

पुदिना त्या खिशातला टाकून द्या, मूळ सडलंय. बाजारातून ताजी जुडी आणा, त्यातल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि माठातल्या पाण्यात ग्लासात उभ्या करून खिडकीत ठेवा, पाणी दोन दिवसाआड बदला. आठवडाभरात पेराजवळ पांढऱ्या मुळ्या सुटतात. मग पोत्याच्या सगळ्यात खालच्या चिरांमध्ये खोचा, तिथं ओल जास्त वेळ राहते आणि पुदिन्याला तेच पाहिजे. पालक वरच्या चिरांना ठेवा.